पोळ्याच्या दिवशीची नळी

१

शंभर नळ्यांतल्या अकरा नळ्या खोट्या निघाल्या. शेषराव काळवाघ्यांच्या कानावर ही गोष्ट आली तेव्हा ते समितीच्या बैठकीतला चहा संपवून आपली चप्पल शोधत होते.

शेषराव कोण, ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या स्वभावामुळे घडलं. बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. गाडी उशिरा आली आणि ड्रायव्हर पंक्चरचं सांगू लागला, की शेषराव आधी त्याचे हात बघत. हात काळे असले तर ठीक, नाहीतर त्या ड्रायव्हरची काही धडगत नसे. निवृत्तीनंतर हा संशय घरातच खर्ची पडायला लागला. दूधवाल्यापासून शेजाऱ्याच्या नळापर्यंत कोणी सुटेना, तेव्हा बायकोनं, रुखमाबाईंनी, हात जोडले की रोज चार तास कुठंतरी जात चला. नेमका त्याच वेळी मलकापूर रस्त्यावरच्या एका संशोधन केंद्राला आपल्या नीतिसमितीत एक सामान्य माणूस हवा होता. अशा समितीत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि एक असा माणूस लागतो ज्याला शास्त्र कळत नाही पण विचारायची लाजही वाटत नाही. शेषरावांना ती खुर्ची अगदी मापात बसली.

केंद्राचं काम एचआयव्हीच्या लसीचं. नव्यानं आजार कळलेल्या माणसाच्या रक्ताची एक नळी, पहिली गोळी सुरू व्हायच्या आधी, त्याच्या राजीखुशीनं घ्यायची. नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक आणि तारीख. कोणता क्रमांक कोणाचा हे एका वहीत, आणि ती वही कुलपात. ही कुलपाची अट शेषरावांनीच पहिल्या बैठकीत भांडून घातली होती. दीड वर्षात शंभर नळ्या फ्रिजरमध्ये जमल्या. नोव्हेंबरात त्या एकदमच पेटीत घालून नांदुऱ्याला रेल्वेवर चढवल्या आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथं प्रत्येक नळीतल्या विषाणूची जनुकीय अक्षरं वाचून यादी परत आली होती.

त्या यादीवर संगणक चालवणारी डॉक्टर रुपाली इंगळे. नांदुऱ्याच्या धान्यवाल्यांची लेक, बंगळुरूला शिकून इकडं परत आलेली. बैठकीत तिनं अर्धा तास काहीतरी सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आता ती शेषरावांना खिडकीपाशी घेऊन गेली, मागं कोणी नाही हे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काका, मी बैठकीत खोटं बोलले. अकरा बायांच्या नावावर जे रक्त गेलं ना, ते सगळं एकाच माणसाचं हाय."

शेषरावांनी हातातली चप्पल खाली ठेवली.

२

रुपालीनं त्यांना आपल्या खोलीत नेलं आणि संगणकाच्या पडद्यावर एक झाड दाखवलं. फांद्याच फांद्या, प्रत्येक टोकाला एक क्रमांक. शेषराव म्हणाले, मले एसटीच्या भाषेत सांगा. ती बिचारी तसंही सांगू लागली.

हा विषाणू स्वतःची नक्कल काढताना सारखा चुकतो, आणि त्या चुकांमुळेच तो आपल्या हाती लागत नाही. आज एका रूपाला ओळखावं तर उद्या तो रूप बदलून पसार. पण काही जागा अशा असतात की तिथं बदलला तर तो पांगळा होतो, त्याचं पुढचं चालतच नाही. कोणत्या जागा मोकळ्या आणि कोणत्या अडचणीच्या, हे संगणक हजारो विषाणूंची अक्षरं ताडून काढतो. लसीनं शरीराला पहारा शिकवायचा तो नेमका त्या अडचणीच्या जागांवर.

"म्हणजे राजूरचा घाट," शेषराव म्हणाले. नांदुऱ्याहून मोताळ्यामार्गे येणारी गाडी वाटेत कितीही थांबे बदलो, घाट चढल्याशिवाय तिला बुलढाणा दिसत नाही. तपासणी लावायची तर ती घाटात.

रुपालीनं मान हलवली. तिच्या संगणकानं असे चार घाट शोधले होते. सोमवारी ती यादी लस बनवणाऱ्यांकडे जायची होती. आणि चौथा घाट तिला पहिल्यापासून खटकत होता. म्हणून तिनं झाड उलगडलं, तर एकाच काडीवर अकरा नळ्या चिकटलेल्या. एकच विषाणू अकरा वेळा मोजल्यामुळं संगणकाला वाटलं की इथं कधीच बदल होत नाही.

शेषरावांच्या मनात जे आलं ते त्यांनी बोलून टाकलं: एकाच बाप्यानं अकरा बायांना आजार दिला असेल तर? रुपालीनं तोही विचार केला होता. तसं असतं तर प्रत्येक बाईच्या शरीरात विषाणू आपापल्या वाटेनं बदलला असता, एका बुंध्याला अकरा धुमारे फुटले असते. इथं मात्र सरळ शिडी होती. पहिल्या नळीतला बदल दुसऱ्यात कायम, दुसऱ्यातला तिसऱ्यात, आणि प्रत्येकात थोडी नवी भर.

हे समितीचे अध्यक्ष रंगराव वकिलांच्या कानावर तिनं सकाळीच घातलं होतं. त्यांचं म्हणणं, तंत्रज्ञानं बिघडलेल्या नळ्या एका चांगल्या नळीतून भरल्या असणार, सोमवारी पोलिसांत द्या. रुपालीला भीती ही की मग ती वही पोलिसांच्या टेबलावर येईल, शंभर घरांची नावं चव्हाट्यावर येतील, आणि ज्याचं हे रक्त तो माणूस असा दडी मारेल की पुन्हा सापडायचा नाही.

"सापडून करायचं काय?" शेषरावांनी विचारलं.

रुपालीनं पडद्यावर एक ओळ दाखवली. गोळ्या घेणाऱ्याचा विषाणू गप होतो, त्याचं बदलणं थांबतं. इथं पहिल्या नळीपासून अकराव्यापर्यंत तो बदलतच गेला होता, आणि रक्तातला त्याचा आकडा चौपट झाला होता.

"दीड वर्षात एकही गोळी पोटात गेली नाही, काका. हे माणूस इथल्या इथं मरत चाललं हाय, अन् आपल्याले त्याचं नाव माहीत नाही."

३

शुक्रवार होता. हातात दोन दिवस. शेषरावांनी घरी फोन करून जेवायला वाट पाहू नका म्हणून सांगितलं, आणि आधी शेखरला गाठलं.

शेखर म्हणजे प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. नळ्या त्याच्या, फ्रिजर त्याचा, फ्रिजरची किल्लीही त्याचीच, रजेच्या दिवशी मात्र ती केंद्रातच ठेवून जायचा. उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली होती, जनरेटरही बसला होता, आणि हे शेखरनं कोणाला कळवलं नव्हतं. शेषरावांनी एवढं पकडल्यावर पोर त्या दिवशीची बर्फाची पावती शोधू लागला. खरं म्हणजे पोर कसला, दोन लेकरांचा बाप, पण त्या क्षणी तो तसाच दिसत होता. मी बर्फ आणून वाचवल्या, एकही नळी बिघडली नाही, असं तो परत परत सांगत होता. बिघडलेल्या अकरा नळ्या त्यानं एका चांगल्या नळीतून भरून काढल्या असतील, हे वकिलांचं म्हणणं शेषरावांना पटायला लागलं होतं.

बोलता बोलता शेषराव रक्त घ्यायच्या खुर्चीत टेकले. शेजारी खिळ्याला दंडाला आवळायचा रबरी पट्टा लटकत होता. बोटांनी चाळा करताना त्यांना त्याच्या एका टोकाला बारीक खळगे लागले. शेखर म्हणाला, उंदीर झाले हायेत इथं. शेषरावांनी पट्टा परत खिळ्याला अडकवला.

मग गोपाल ड्रायव्हर. नळ्यांची पेटी नोव्हेंबरात त्यानंच नांदुऱ्याला नेली, आणि वाटेत मोताळ्याला गाडी पंचवीस मिनिटं उभी होती. हे शेषरावांनी गाडीच्या नोंदीवरून काढलं, आणि नोंदी वाचायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. गोपाल वाळलेला, खोकणारा, बोलताना नजर चुकवणारा. पंचवीस मिनिटं काय करत होतास, हे त्याला तीनदा विचारावं लागलं. शेवटी निघालं ते असं की त्याची मुलगी मोताळ्याच्या वसतिगृहात असते आणि तिकडून गेला की तो तिला घरचा डबा देतो. सरकारी पेटी गाडीत असताना थांबायला नको होतं, हे त्याला कळत होतं. खोकल्याचं विचारलं तर म्हणाला, घाटातली धूळ.

शेषरावांनी त्याला जरा चुचकारलं. सुट्टी तरी घेतोस का कधी? तो म्हणाला, कशाची सुट्टी, पोळ्यालाही इथंच होतो.

"माह्याकडं बैल कुठं, काका? दुपारपासून फाटकात गाडीच धुतली, तिलेच हार घातला. सहा वाजेपर्यंत फाटकातून कुत्रंसुद्धा आत आलं नाही."

शेषराव हसले आणि विसरून गेले. ते परत रुपालीकडं आले तेव्हा ती कागदावर रेघा मारत बसली होती, आणि तिनं मान वर न करताच सांगितलं की शेखर नाही आणि गोपालही नाही.

शिडीच्या पायऱ्या तिनं मोजल्या होत्या. जिथं दोन नळ्यांच्या तारखांत दोन महिन्यांचं अंतर, तिथं विषाणूच्या अक्षरांतला बदल जास्त. जिथं पंधरा दिवसांचं, तिथं कमी. म्हणजे तारखा खऱ्या होत्या. एका दिवशी बसून कोणी अकरा नळ्या भरल्या असत्या तर अक्षरं एकसारखी आली असती. नळ्या शुक्रवारीच काढत, आणि हे रक्त अकरा वेगवेगळ्या शुक्रवारी, एका जिवंत माणसाच्या दंडातून, याच इमारतीत निघालं होतं.

आणि या इमारतीत रक्त काढणारं माणूस एकच होतं.

४

छाया सिस्टर चाळिशीची, गोरी, किरकोळ अंगाची. नवरा आठ वर्षांपूर्वी टीबीनं गेलेला, चिखली रस्त्याला सासूबरोबर राहते, मूलबाळ नाही. केंद्राच्या मागच्या दाराशी तिची खोली होती. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलं की अर्ध्या तालुक्याला कळतं, म्हणून बाया इकडं येत, मागच्या दारानं आत शिरत, गोळ्यांचा डबा पिशवीत तळाशी घालून तशाच निघून जात. आवाराला फाटक मात्र एकच. शंभराच्या शंभर बाया-माणसांना गोळीची सवय तिनं लावली होती. एकीची गोळी चुकली तर ही त्या गावी जाऊन यायची. शेषरावांना जगात ज्या दोन-चार माणसांवर संशय घ्यावासा वाटत नसे, त्यांत ती होती, आणि म्हणून त्या दिवशी त्यांना स्वतःचाच राग येत होता.

त्यांनी सरळ विचारलं, त्या अकरा जणींनी रक्त दिलं का? ती म्हणाली, दिलं. तुम्ही स्वतः काढलं का? हो, या हातांनी. त्या बाया खरंच आहेत का? तिनं कुलूप उघडून गोळ्यांचं रजिस्टर पुढं ठेवलं, नावांवर पट्टी धरून. अकराही क्रमांकांपुढं महिन्याच्या महिन्याला गोळ्या नेल्याची नोंद होती. बाया खऱ्या होत्या. फक्त रक्त त्यांचं नव्हतं, आणि ही बाई ते त्यांचंच आहे असं डोळ्याला डोळा देऊन सांगत होती.

शेषरावांनी हजेरीपत्रक मागवलं. अकरा शुक्रवारांपैकी तीन दिवस शेखर रजेवर. चार दिवस रुपाली बंगळुरूला. छाया अकराही दिवस हजर. त्यात नवल काही नव्हतं, कारण तिनं दीड वर्षात सुट्टी म्हणून घेतलीच नव्हती. संक्रांत, अखजी, पोळा, प्रत्येक सणाला तिच्याच नावापुढं सही. सगळे म्हणायचे, सिस्टर भल्या आहेत, दुसऱ्यांना सण करू देतात.

"सणाच्या दिवशी विधवेले कोण हाक मारते, काका," ती शांतपणे म्हणाली. "घरी बसून सासूले तोंड दाखवण्यापेक्षा इथं बरं."

रुपालीचा अंदाज असा की सिस्टर कोणाला तरी पाठीशी घालते आहे. भाऊ असेल, भाचा असेल. दवाखान्यात यायला घाबरणारं कोणीतरी, ज्याला ही मागच्या दारानं आणते आणि दुसऱ्यांच्या नावावर तपासून घेते. शेषरावांनाही तसंच वाटलं. संध्याकाळी घरी जाताना त्यांनी अकरा तारखा एका चिठ्ठीवर उतरवून खिशात घातल्या. काहीतरी होतं त्या तारखांत, पण काय ते हाती लागेना.

५

शनिवारी सकाळी शेषरावांचा डावा कोपर धरला. रुखमाबाईंनी हळद गरम करून दिली आणि त्या भाकरी थापायला बसल्या. शेषराव कोपराला फडकं गुंडाळत होते, पण एका हातानं गाठ कशी बसणार? त्यांनी दोनदा हाक मारली.

"माहे हात पिठात हायेत," त्या चुलीपुढून म्हणाल्या. "एक टोक दातात धरा अन् ओढा."

शेषरावांनी फडक्याचं टोक दातात धरलं, ओढलं, आणि तसेच थांबले. फडकं दातातच. रुखमाबाईंनी वळून पाहिलं तर हा माणूस भिंतीकडं टक लावून बसलेला. त्यांना वाटलं, कोपराचं दुखणं डोक्यात गेलं.

उंदीर पट्टा कुरतडेल तर तो मधूनही कुरतडेल, तुकडे पाडेल. इथं खळगे एकाच टोकाला होते, दोन ओळींत, आणि रबर कुठं तुटलेलं नव्हतं.

त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली आणि भिंतीवरच्या गेल्या सालच्या, अजून न काढलेल्या कालनिर्णयाची पानं मागं उलटली. आठवी नळी. शुक्रवार, श्रावणी अमावस्या. रुखमाबाईंना त्यांनी विचारलं, पोळ्याच्या दिवशी दुपारी एखादी शेतकऱ्याची बायको बुलढाण्याला येईल काय? त्या म्हणाल्या, डोकं फिरलं का तुमचं, बैल तोरणाखाली उभे असतात, घरी आले की पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचा घास द्यायचा. ते सोडून कोणती बाई घराबाहेर पडते? शेषरावांना हे स्वतःला माहीत असायला हवं होतं. चौतीस वर्षं पोळ्याच्या दुपारच्या गाड्या त्यांनी रिकाम्या सोडल्या होत्या.

केंद्रावर पोचल्यावर त्यांनी त्या दिवसाचा नमुन्याचा कागद काढायला लावला. स्त्री, वय चौतीस, शेती, उंद्री, वेळ चार. शेखरला विचारलं तर त्यानं मोबाइलवर स्वतःच्या बैलजोडीचा फोटो दाखवला, त्याच दिवसाचा, शिंगांना बेगड लावलेला. रुपाली त्या आठवड्यात बंगळुरूला. आणि फाटकात गोपाल, गाडी धुणारा, ज्याच्यासमोरून सहापर्यंत कुत्रंही आत गेलं नव्हतं.

पण नळी भरली होती. शिडी सांगत होती की रक्त त्याच दिवशीचं आहे. आत कोणी आलं नाही, आणि आत एकच माणूस होतं.

शेषराव मागच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि रक्ताच्या खुर्चीत बसून बाही वर केली.

"सिस्टर, माह्या दंडाले पट्टा बांधा."

तिनं कारण विचारलं नाही. पट्टा काढला, दोन्ही हातांनी दंडाभोवती घेतला आणि एका झटक्यात आवळला. दीड वर्षात शंभरदा केलेलं काम, त्यात दातांना जागाच नव्हती. शेषरावांनी पट्ट्याचं टोक उलटून तिच्यासमोर धरलं.

"दुसऱ्याच्या दंडाले दोन हात लागतात. मंग हे दात कोणाले लागले, बाई?"

छाया सिस्टरनं पट्टा त्यांच्या दंडावरून सोडवला. मग तिनं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

६

तिचं सांगणं सरळ होतं. त्या अकरा जणी गोळ्या घ्यायला तयार होत्या, पण जास्तीची नळी म्हटली की पाय मागं घेत. कोणीतरी उठवलं होतं की रक्त बाहेर विकतात. जबरदस्ती केली असती तर त्या गोळ्यांनाही परत आल्या नसत्या. नाही म्हणून कागदावर लिहिलं असतं तर शंभर भरले नसते, आणि शंभर भरले नसते तर पैसा थांबून, केंद्र बंद होऊन मागचं दारही बंद झालं असतं. म्हणून पहिल्या बाईला तिनं तसंच घरी जाऊ दिलं, दार लावलं आणि स्वतःची बाही वर केली. आठवी बाई आदल्या दिवशी येऊन गोळ्या घेऊन गेली होती. नळी भरायला सिस्टरला एकटीचा दिवस हवा होता, आणि पोळ्याइतका एकटीचा दिवस तिला दुसरा मिळाला नसता.

"मले वाटलं, आजार एकच, तर जंतूही एकच असन. कोणाच्याही रक्तातला दिला तर शास्त्राले काय फरक पडते? तो प्रत्येकाच्या अंगात येगळा होते, हे मले कोणी सांगितलंच नाही."

शेषरावांनाही ते कालच कळलं होतं. शंभर नळ्या ज्या बाईनं भरल्या, तिला त्या कशासाठी भरायच्या हे समजावून सांगायची आठवण कोणालाच झाली नव्हती. समितीत सामान्य माणूस बसवला होता, तोही हे विचारायला चुकला. त्यांना त्याची लाज वाटली.

आणि गोळी? शंभर जणांना दिली, स्वतः का नाही घेतली?

नवरा टीबीनं गेला असं गावाला माहीत होतं. सासूला, सरस्वतीबाईंना, तेच माहीत होतं. एकुलता लेक, त्याचा फोटो रोज पुसून हार घालायची म्हातारी. सुनेच्या उशाशी या गोळ्या दिसल्या असत्या तर लेक कशानं गेला हे तिला त्याच दिवशी कळलं असतं.

"मरताना त्यानं माह्याकडून शब्द घेतला होता, मायले कळू देऊ नको. तिच्या लेकाचा टीबी तिच्यापाशी राहू द्या, काका. माहं काय, जेवढं चाललं तेवढं चाललं."

शेषरावांना राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. ते म्हणाले, तुम्ही चुकीच्या नळ्या भरल्या ते मी समितीला सांगणार, ते तुम्ही लिहून द्या. रक्त कोणाचं होतं, ते तिथं कोणाला कळायची गरज नाही, त्यासाठीच वहीला कुलूप घातलं. पण गोळी आज सुरू झाली पाहिजे. आणि ती चोरून नाही, चोरून घेतलेली गोळी चुकते, हे तुमचंच वाक्य आहे.

दुपारी रुपालीनं अकरा नळ्या बाजूला काढून संगणक पुन्हा चालवला. चौथा घाट गेला. तीन राहिले. मग तिला राहवेना, म्हणून ती शिडी तिनं एकदा पाहिली. तिसऱ्या घाटावर विषाणूनं सहाव्या नळीत वाट बदलून पाहिली होती, आणि सातव्यात तो मुकाट्यानं जुन्या वाटेवर परत आला होता. तिथं पांगळा झाला असणार. आजार कळला की गोळी सुरू करायची हा नियम आहे, त्यामुळं असं परतणं मुद्दाम पाहायला जगात कोणाला मुभा नाही. रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पान बंद केलं. हे रक्त राजीखुशीचं नव्हतं. पुढं कधी सिस्टरनं स्वतःच्या नावानं सही दिली तर बघू, असं ती म्हणाली, आणि तीन घाटांची यादी सोमवारसाठी तयार ठेवली.

छायानं तपासण्या केल्या, डॉक्टरांनी गोळ्यांचा पहिला डबा दिला. घरी एकटीनं जायची तिची हिंमत होईना, तेव्हा शेषराव बरोबर गेले.

सरस्वतीबाई ओसरीवर सुपात हरभरा निवडत होत्या. वरती लेकाचा फोटो, ताज्या शेवंतीचा हार. छायानं डबा त्यांच्यापुढं ठेवला. म्हातारीनं डबा उचलून हलवला, आत गोळ्या वाजल्या, आणि तिनं सूप बाजूला सारलं.

"ह्याच त्या गोळ्या ना? त्यालेबी डॉक्टर ह्याच देत व्हता. त्यानं फेकून देल्या."

म्हातारीनं डबा छायाच्या हातात दिला.

"मले म्हाईत हाय, माह्या लेकाले टीबी नव्हता. तू पानी आनाले गेली व्हती तवा डॉक्टरानं मले सांगतलं. म्या तुले बोलली नाही. म्हनलं, पोरीले वाटन सासूले कळलं, अन् निंघून जाईन मायेरी. मले कोन हाय दुसरं?"

आठ वर्षं एका छपराखाली दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या. शेषरावांनी चौतीस वर्षांत किती खोटं पकडलं होतं, पण असं खोटं त्यांना कधी भेटलं नव्हतं. ते अंगणाकडं तोंड करून उभे राहिले. मागं छाया रडत होती आणि म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

थोड्या वेळानं सरस्वतीबाईंनी तांब्याभर पाणी आणलं आणि सुनेसमोर धरलं. छायानं गोळी घेतली. मग म्हातारीनं शेषरावांना विचारलं की ही रोज एकाच वेळी द्यायची असते म्हणतात, ते खरं का. ते म्हणाले, खरं, संध्याकाळचे सात धरा. तिला घड्याळ कळत नव्हतं. तेवढ्यात समोरच्या रस्त्यावरून एसटी गेली, आणि तिनं तिकडं बोट केलं.

"ही सातची ना? ही आली का देत जाईन. रोज टायमावर येते का हो ही?"

उभ्या आयुष्यात शेषरावांनी कोणत्याही गाडीची हमी दिली नव्हती. ही चिखलीची गाडी तर स्टँडवरची सगळ्यांत आळशी गाडी, सातला सुटली असं आठवड्यातून दोनदा व्हायचं. तिच्याशी त्यांनी स्वतः बारा वर्षं झगडा केला होता.

"येते," ते म्हणाले. "ही चुकत नाही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी साडेसहाला रुखमाबाईंनी विचारलं, कुठं निघाले? शेषराव चप्पल अडकवून निघालेच होते. पावणेसातला शेषराव स्टँडवर चिखलीच्या फलाटावर उभे होते. ड्रायव्हर चहा पीत होता, त्याच्या हातातला पेला त्यांनी काढून घेतला आणि त्याला गाडीत बसवलं.